कोहळ्याची पहिली चीर

सोमवार, ८ नोव्हेंबर १९४३

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी डोक्याला ताप. नागपूरहून लिफाफा आला. इन्स्पेक्ट्रेस मॅडम एकोणीस तारखेला जळगाव जामोदला येणार, आमची मुलींची शाळा पाहणार. पाचवीचा वर्ग मागून मला तीन वर्षं झाली. आता म्हणतात, देऊ — पण आधी मुलींचा पाकशास्त्राचा तास पाहू.

हरकत नाही. पिठलं करून दाखवलं असतं, भाकरी थापून दाखवली असती. पण नाही, पदार्थही त्यांनीच ठरवून पाठवला आहे. छापील इंग्रजी कागद. लाल भोपळा, म्हणजे आमचं कोहळं, अर्धा चिरायचा, बी काढायची, पोटात चीज भरायचं, वर पावाचा चुरा पसरायचा आणि भट्टीत भाजायचा. खाली लिहिलंय — थंडीच्या सुरुवातीला पोटाला ऊब देणारा सोपा घरगुती पदार्थ.

सोपा! चीज म्हणजे काय हे या गावात फक्त मला माहीत, तेही वाचून. भट्टी आहे ती लोहाराची. वर तांबड्या शाईनं अधोरेखित केलंय: ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत मुलींनी आपल्या हातांनी करावे.’

पाचवी मिळाली नाही तर चौथीच्या सातही मुली उन्हाळ्यात घरी बसणार. शालूचे वडील तर स्पष्टच म्हणाले, “वर्ग निघाला तं शिकन, नाही तं पावनं पाहून ठेवलं हाये.” शालू अकरा वर्षांची आहे. हिशेबात वर्गात सगळ्यांच्या पुढे.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

मनकर्णाबाईला कागद वाचून दाखवला. उगाच दाखवला. ती शाळेची बाई — सकाळी घरोघर जाऊन मुली गोळा करून आणते, झाडते, पाणी भरते. अकरा वर्षं आहे, आणि अकरा वर्षं शाळा तीच चालवते असं तिला वाटतं.

सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “कोहळं कापनार कोन?”

मुली, म्हटलं.

“अख्खं कोहळं? लेकीबाळीच्या हातून?”

झालं. मला ठाऊक नाही असं नाही. माझ्या माहेरी हेच, सासरीही हेच. अख्खं कोहळं म्हणजे घरातला थोरला लेक, त्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, लावली तर लेकावर बेततं. पुरुषानं एक चीर पाडून द्यायची, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. तेव्हा तो लेक नसतो, भाजी असते! मी तिला म्हटलं, हे खूळ शाळेत चालायचं नाही. तर म्हणते, “शाळेत नसन चालत. पोरीले सांजच्याला मायपाशीच जा लागते ना, बाई?”

मी कागदाची घडी केली आणि पेटीत टाकून झाकण आपटलं.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

उकंडराव आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. दोन गावांत शेती, बोलणं त्याहून मोठं. ते खामगावहून चीजचा डबा घेऊन आले. कुठल्याशा साहेबाच्या घरून मिळवला म्हणे. लढाई सुरू झाल्यापासून बाजारात येतच नाही. मुलींना गोल बसवून मी समारंभानं डबा फोडला.

तो वास! दोन मुली बाहेर पळाल्या. बाकीच्या नाकाला पदर लावून माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मीच काही केलं. मनकर्णाबाई डबा चिमट्यात धरून निंबाखाली गेली आणि पुरून आली. “त्याच्यात काईतरी मेलेलं हाये,” एवढंच म्हणाली. मग हात धुतले, चिमटा धुतला, निंबालाही पाणी घातलं.

उकंडराव संध्याकाळी विचारत होते, कसं लागलं. छान, म्हटलं.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

चीज नाही तर नाही. दूध फाडून त्याचा चोथा भरायचा ठरवलं. खवट नाही, कडक नाही, मुलींच्या घरी चालेल. पण दूध घालणारी पुष्पाबाई अडून बसली. “जानूनबुजून नासवाले दूध मांगता? माही म्हैस आटन.” मी शिकवलं, समजावलं, शेवटी हात जोडले. ढिम्म.

मग मनकर्णाबाईनं निवाडा दिला. आंबट ताकाचं मडकं धुवायचं नाही, तसंच चुलीवर ठेवायचं आणि त्यात दूध ओतायचं. नासलं तर दोष मडक्याचा. पुष्पाबाईला पटलं! दोघींनी मिळून मडक्याला बोल लावले आणि दूध फाटलं.

मी विज्ञान शिकवते. कुणाला सांगू?

शनिवार, १३ नोव्हेंबर

आज तालीम. उकंडरावांचा गडी कडूबा येऊन एक चीर पाडून गेला आणि मुलींनी पुढचं सगळं केलं. चांगलं केलं. चोथ्यात मीठ, जिरं, हिरवी मिरची घातली. मी म्हटलं, कागदात मिरची नाही. शालू म्हणाली, “पन बाई, मंग ते लागन कसं?” राहू दिली. पावाच्या चुऱ्याऐवजी ज्वारीच्या वाळक्या भाकरीचा चुरा. पितळी पातेल्यात वाळू, वाळूवर कोहळं, झाकणावर निखारे. पहिलं खालून करपलं, वरून कच्चं. दुसरं बरं झालं. वरचा थर खरपूस, आत मऊ, गोड-तिखट. मुलींनी पातेलं पुसून खाल्लं. मनकर्णाबाईनं चाखून पाहिलं, “वाईट नाही” म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

आता प्रश्न त्या दिवसाचा. उकंडराव म्हणतात, “मी हावो ना. म्याडमपुढं मीच कापतो.” त्यांना तांबडी ओळ दाखवली. तोंड पडलं. शेवटी तोड निघाली: कडूबानं कोहळ्याला बुडाशी, दिसणार नाही अशी चीर आधीच पाडून ठेवायची. मग मुली मॅडमपुढे खुशाल कापतील. आयांचं समाधान, मॅडमचंही समाधान. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटतंय.

रविवार, १४ नोव्हेंबर

माझ्या लेकाचं, वामनचं पत्र नाही. दसऱ्याच्या आधीपासून नाही. फौजेत कारकून आहे, बंदूक हातात नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

कडूबा आजच चीर पाडून गेला! शुक्रवारी सकाळी ये म्हणून चारदा बजावलं होतं. तर उद्या त्याला वरवट बकालला जायचंय, भाचीची सोयरीक आहे, शनिवारी परत. “चीर पाडली ना बाई, आता काय ते हाये ते हाये.” कोहळं बुडावर बसवून कोनाड्यात ठेवलंय. तीन दिवस टिको म्हणजे झालं.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

टिकलं नाही. संध्याकाळी उचललं तर बुडाखाली मुंग्यांचं वारूळच. आतून पाणी सुटलेलं, आंबूस वास. मनकर्णाबाई अंधार पडायच्या आत कुठूनसं दुसरं घेऊन आली — मोठं, देखणं, आणि अख्खं.

उकंडरावांकडे निरोप धाडला. उद्या सकाळी दहाला स्वतः येऊन चीर पाडतो म्हणाले. दहाला नक्की. मी दोनदा विचारलं.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

दहा वाजले. उकंडराव नाहीत. साडेदहा वाजता मॅडमची मोटार आली आणि तिच्यातून कोण उतरलं — उकंडराव! फेटा, कोट, हातात हार. डाकबंगल्यावर स्वागताला गेले होते आणि तिथून मोटारीत बसायला मिळालं म्हणून बसले. मी डोळ्यांनी खुणा करते आहे, ते हसून मान डोलावताहेत.

वर्गात आल्यावर मॅडमनी पहिलं काम काय केलं असेल? उकंडरावांना बाहेर काढलं. “पुरुषांनी कृपा करून ओसरीवर बसावे. मुली लाजतात.” मराठी चांगलं बोलतात. उकंडराव गेले. जाताना माझ्याकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला — आत्ता आठवलं त्यांना!

पाटावर कोहळं. बाजूला सुरी. सात मुली, सातहीजणींचे हात मागे. मॅडम वही उघडून बसलेल्या. मी म्हटलं, शालू, घे. शालूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्या पाठीवर एकुलता भाऊ आहे, गेल्या वर्षी देवी येऊन वाचलेला. पुढची, तिच्या पुढची — कुणीच हलेना. मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागल्या. पाचवीचा वर्ग तिथं माझ्या डोळ्यांसमोर जात होता.

मग मी सुरी घेतली. बाईंनी केलं की मुली करतील, एवढंच. कोहळ्यावर पातं टेकवलं.

हात पुढे गेला नाही.

मीच ती, खूळ म्हणणारी. पात्याखालची साल टणक लागत होती आणि मला वामनची टाळू आठवली, लहानपणी तेल घालताना हाताला लागायची ती. मॅडम म्हणाल्या, “काय झाले?” माझी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात मनकर्णाबाई दारातून आत आली. पदर खोचलेला. “आना बाई, अथी. मले कोन हाये मांगंपुढं? मी कापतो.” माझ्या हातातून सुरी घेतली, मांडी घालून बसली आणि एका दमात कोहळ्याचे दोन भाग केले. मग बाजूला सरकून मुलींना म्हणाली, “आता पाहून काय राह्यल्या? बी काढा.”

मुली अशा कामाला लागल्या की जणू कधी थांबल्याच नव्हत्या.

शनिवार, २० नोव्हेंबर

मॅडमनी दोनदा घेतलं. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी घेतलं. चीज कुठे, हे विचारलंच. मी मडक्याची गोष्ट सांगितली नाही. पण सुरीची विचारली तेव्हा सगळं खरं सांगितलं — चिरेची चोरीसुद्धा. त्यांनी आधी ताटलीतलं संपवलं. मग शेऱ्याच्या वहीत लिहिलं: पाचवीचा वर्ग जूनपासून उघडावा. शालूच्या वडिलांना मी स्वतः जाऊन वाचून दाखवलं. पाहुण्यांना नकार कळवतो म्हणाले.

मनकर्णाबाई मात्र काल संध्याकाळपासून कामावर आली नाही. मुली गोळा करायला आज मी हिंडले. पाय दुखताहेत. इतकं मोठं काम तिच्या हातून झालं आणि लगेच रुसवे! अर्थात तिला जमलं ते एकटी आहे म्हणून. गमावण्यासारखं काही नाही, तिला भीती कशाची. मला आहे.

बुधवार, २४ नोव्हेंबर

वामनचं पत्र आलं! निम्म्या ओळी काळ्या केलेल्या, पण अक्षर त्याचंच. ताप येऊन गेला, आता बरा आहे. मी वर्गात रडले. मनकर्णाबाई सोमवारपासून येतेय. तिला वाचून दाखवलं. “बरं झालं, बाई. लय बरं झालं,” म्हणाली आणि पुन्हा वाचायला लावलं. कुठे होतीस विचारलं तर म्हणे, गावाकडे. गावाकडे तुझं कोण आहे, म्हणून मी हसले. ती झाडायला गेली.

रविवार, २८ नोव्हेंबर

सकाळी दारात एक माणूस उभा. तिशीचा, खांद्यावर घोंगडी. “मनकर्णाबाई अथीच कामाले असते काय? मी महादेव, तिचा थोरला. मागच्या शनिवारी अचानक घरी आली, दोन दिस माह्या तोंडाकडंच पाहत बसली. म्हनून म्या म्हटलं, पाहून येतो.”

सासरच्यांनी तिला काढून दिलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्यांच्याकडेच राहिला. अकरा वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं.

ती घागर घेऊन आली. त्याला पाहिलं, मग मला. मला मान वर करवेना. का केलंस, एवढंच कसंबसं विचारलं.

“तुमचा लढाईवर हाये, बाई. माहा घरी हाये,” म्हणाली आणि पाणी ओतायला आत गेली.