पुस्तकात अडीचच लिहिलं होतं

अण्णा, तुमच्या मोटारसायकलच्या इंजिनाखालचा बोल्ट, तेल काढायचा, गेल्या महिन्यात पुन्हा गेला. नाक्यावरच्या मेकॅनिकच्या दुकानात त्या निमित्ताने तुमचं नाव निघालं, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, आणि मधे बोलून माझं म्हणणं तोडायला समोर कुणी नाही. तेव्हा एकदा सरळ लिहिते. त्या पुस्तकात अडीचच लिहिलं होतं. मी बरोबर वाचलं होतं.

तुम्ही जन्मभर मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळलंत, हे मला मान्य आहे. लाँचचं इंजिन म्हणजे बिडाचा डोंगर. चोवीस तास थडथडणार, वर खारं पाणी. त्यातला एखादा नट सैल झाला तर किनाऱ्यापासून लांब सात माणसं आणि बंद इंजिन. म्हणून तुम्ही पान्याच्या दांड्याला दोन फुटांची नळी लावून, छाती टेकून आवळायचात, आणि आवळून झाल्यावर आणखी एकदा आवळायचात. समुद्रावर ते बरोबर असेल. पण तुम्ही तोच हात घेऊन घरी यायचात. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर दर महिन्याला कापला जायचा. कुकरच्या मुठीला तुम्ही स्क्रू बसवलात आणि मूठ उभी चिरली. लोणच्याच्या बरणीला झाकण तुम्ही लावलं असेल तर आई ती बरणी उघडायला गरम पाण्यात उलटी धरायची आणि पुटपुटायची, "आता लोणचं काय पळून जाणार होतं?" मोटारसायकलचा डावा आरसा तर नवीन लावलात त्याच दिवशी दांड्यासकट तुमच्या हातात आला. तुम्ही म्हणालात, माल हलका आहे. तुमच्या हातात जे जे मोडलं त्याचा माल हलकाच होता.

मी आठवीत होते. पावसाळा होता, बोटी वर ओढलेल्या, आणि तुम्ही घरात बसून कंटाळलेले. पडवीत गोणपाट अंथरून तुम्ही गाडी उघडली. गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी होतं, आणि ते वाचायला तुम्ही मला बसवलंत. मला आठवतं, मी किती ताठ बसले होते. कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट अजून अंगावर, हात साबणाने धुतलेले, पुस्तक मांडीवर. आपल्या आळीतली मी एकटी त्या शाळेत जात होते. तुम्ही हौसेने घातलं होतं मला तिथे. तुमच्या बरोबरीचे हसायचे तरी घातलंत, हेही लिहून ठेवते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं नको. मी एकेक ओळ वाचत होते आणि मराठीत सांगत होते. तेल काढायच्या बोल्टापाशी आले तेव्हा लिहिलं होतं, अडीच किलोग्रॅम-मीटर. तुम्ही विचारलंत, म्हणजे काय? मी सांगितलं. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला अडीच किलोचा जोर. आपला पाना पाव मीटरचा, तर त्याच्या टोकाला दहा किलो. त्याहून जास्त नाही. तरफेचा धडा सिस्टरनी आम्हाला त्याच महिन्यात शिकवला होता आणि तो घरी उपयोगी पडतोय या आनंदात मी उठून आईचा मासळी तोलायचा काटा घेऊन आले. तो हुकाचा, स्प्रिंगचा. पान्याच्या टोकाला हुक अडकवायचा आणि काटा दहावर येईपर्यंत ओढायचं, झालं.

तुम्ही इतके हसलात की हातातला पाना खाली ठेवलात. "गाडी काय बाजारातली इसवण हाय तोलायला?" मग आत आईला ओरडून सांगितलंत, "ऐकलंस काय गो, तुझी लेक बोल्ट तोलून लावणार हाय. किलोवर!" आई हसली. मीही थोडी हसले, कारण तुम्ही हसत होतात. पण काटा मी खाली ठेवला नाही. मी म्हटलं, "अण्णा, पुस्तकात लिहिलंय. इंजिनाचं खालचं अंग अॅल्युमिनियमचं आहे, ते मऊ असतं." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. "पुस्तक लिवणारा कधी बोटीवर गेलाय काय? ढिला बोल्ट माणूस बुडवतो. घट्ट बोल्टानं कोण मेलाय दाखव मला." आणि तुम्ही नळी लावलीत.

आधी तो घट्ट होत गेला. मग आणखी घट्ट. मग एकदम मऊ झाला. पाना सहज फिरला, लोण्यातून फिरावा तसा. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता, पण तुम्हाला कळला होता. आतले आटे गेले होते. तुम्ही बोल्ट बाहेर काढलात. त्याच्यावर चकाकणारी बारीक तार गुंडाळून आली होती, आट्यांचीच. ती तुम्ही बोटाने काढून पावसात फेकलीत. बोल्टाला सुतळी गुंडाळली, गळती बुजवायचा सफेदा फासला, पुन्हा बसवला, आणि मला म्हणालात, "आईला काय सांगू नको. ऱ्हाईल तो." मी नाही सांगितलं. तुम्ही सांगू नको म्हणालात म्हणून नाही सांगितलं. ही माझी त्यातली एकमेव चूक, आणि ती मी आज्ञाधारकपणाने केली.

चार दिवसांनी तुम्ही आईला मागे बसवून मावशीकडे पालीला निघालात. हातखंब्याच्या पुढच्या उतारावर बोल्ट पडला, तेल सगळं रस्त्यावर गेलं, इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि मागचं चाक अडकलं. तुम्हाला खरचटलं. आईचा उजवा हात मनगटातून मोडला. संध्याकाळी कुणाच्या तरी टेंपोतून तुम्ही दोघं परत आलात, आईचा हात फळकुटाला बांधलेला. अंगणात शेजारपाजार जमला. कुणीतरी विचारलं, कसं झालं? मी दारात उभी होते, अण्णा. तुमच्यापासून चार पावलांवर. तुम्ही म्हणालात, "पोरीनं पुस्तकातलं उलटं वाचलं. किती आवळायचा तेच चुकीचं सांगितलंन. कॉन्व्हेंटात घालून ही तऱ्हा." शेजारच्या काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगो बाय, वाचताना जरा लक्ष देऊ नये काय?"

मी तोंड उघडलं नाही. आज तेच दार असतं तर आळीभर ऐकू गेलं असतं. पण तेरा वर्षांची मुलगी बापाला सगळ्यांसमोर खोटं पाडत नाही, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. त्याच भरवशावर तुम्ही बोललात.

आईचा हात नीट बसला नाही. तिला भाकरी थापता येईना; ती डाव्या हाताने थापायला शिकली, वाकडीतिकडी. एकदा मी तव्यापाशी उभी राहून रडायला लागले तर म्हणाली, "असू दे गो. पोर होतीस. चुकतं माणूस." न केलेल्या चुकीची माफी मी तिच्याकडून वर्षानुवर्षं घेतली. तिचा हात दर पावसाळ्यात ठणकायचा आणि दर पावसाळ्यात ती मला पुन्हा माफ करायची. ती जाईपर्यंत मी तिला खरं सांगितलं नाही, कारण तोवर तुम्ही म्हातारे झाला होतात आणि ती तुमच्या ताटाशी बसून तुमच्या माशातले काटे काढून द्यायची. मी काय तिच्यासमोर पडवीतली सुतळी आणि सफेदा मांडणार होते?

दिवाळीनंतर तुम्ही मला इंग्रजी शब्दकोश आणलात. जाड, लाल पुठ्ठ्याचा. देताना म्हणालात, "नीट वाच." आई गेल्यावर मी भावाला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणतो ती तुमची माफी मागायची पद्धत होती. भावाला मुंबईला बसून सगळं सोपं दिसतं. मला ती माफी वाटली नाही आणि आजही वाटत नाही. माफी मागायची तर तोंडाने मागावी, आणि ज्या अंगणात आळ घेतला त्याच अंगणात मागावी. तो शब्दकोश मी वापरला मात्र भरपूर. कचेरीत पस्तीस वर्षं काढली, आणि माझ्या टेबलावरून गेलेला प्रत्येक कागद मी तीनदा वाचला. आकडे असतील तर बोट ठेवून चौथ्यांदा. "मॅडमकडे फाइल गेली की चहा पिऊन या," असं म्हणायचे लोक. साहेबांनी मला एकदा काटेकोरपणाबद्दल शाबासकी दिली. तो काटेकोरपणा नव्हता, अण्णा. ती भीती होती. आपण वाचलेलं उलटं निघेल आणि कुणाचा तरी हात मोडेल, ही.

अपघातानंतर गाडीचं इंजिन तुम्ही नव्या आट्यांसकट दुरुस्त करून घेतलंत. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे आली, कारण भावाला गंज नको होता. निवृत्त झाल्यावर मी ती पुन्हा चालती केली. चेष्टा झाली. पांढऱ्या केसांची बाई सलवार-कमीज घालून, हेल्मेट चढवून भाट्याच्या पुलावरून जाते तेव्हा रिक्षावाले अजून मान वळवतात. वळवू देत, मानेला व्यायाम होतो. किक मारून देऊ का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विचारते, तुमच्या गाडीचं तेल तुम्ही स्वतः शेवटचं कधी बदललंत? मग ते आपल्या वाटेला लागतात. मी स्वतः बदलते. त्यासाठी खास पाना घेतलाय. त्याच्यावर आकडा लावला की तेवढा जोर झाल्यावर तो कट् असा आवाज करतो. पहिल्यांदा अडीचवर लावला आणि कट् वाजलं, तेव्हा मी गाडीखाली पाठीवर पडले होते. तशीच पडून राहिले. किती थोडा जोर होता तो. आठवीतल्या मुलीच्या हाताला सहज जमला असता.

आता गेल्या महिन्याचं. मी तेल बदललं, कट् होईपर्यंत आवळलं, पुसून घेतलं. सकाळी बघते तर गाडीखाली तेलाचा एक थेंब. एक, अण्णा. वाटाण्याएवढा. तांब्याचा वायसर जुना झाला होता, तो बदलायला हवा होता, हे मला ठाऊक होतं, पुस्तकातही लिहिलंय. पण त्या दिवशी मला हेदवीला जायचं होतं, मैत्रिणीला कबूल केलं होतं, आणि तो थेंब बघून माझ्या डोळ्यांसमोर हातखंब्याचा उतार आला. मी तो आवाज करणारा पाना बाजूला ठेवला. साधा घेतला. जरासं आणखी, म्हटलं. मग टाच लावून आणखी जरासं. आणि तो मऊ झाला.

गाडी ढकलत नाक्यावर नेली. मेकॅनिक चाळिशीचा आहे, हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्याने बोल्ट काढला, त्याच्यावरची तार बघितली आणि म्हणाला, "अरे देवा! काकी, कुणी आवळलान ह्यो? वर हत्ती बसवलावतात काय?"

मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी. लाँचवर होते."

"तरीच! बोटवाले असेच. त्यांना वाटतं गाडी पाण्यातच चालवायचीय." मग बोल्ट पुसत म्हणाला, "पण एवढी वर्षं टिकला म्हणायचा."

"टिकला," मी म्हटलं.

त्याने गेलेल्या आट्यांच्या जागी नवीन बुश घालून काम चोख करून दिलं. जुना बोल्ट मात्र त्याने तारेत ओवून दुकानात टांगलाय आणि येईल त्याला दाखवतो. परवा मी तिथून जात होते तर दोन गिऱ्हाइकं बोल्टाखाली उभी राहून हसत होती. एक म्हणत होता, "म्हातारा बोट बांधायला निघालावता काय?" मला इतका संताप आला की मी थांबून त्याला सुनावलं. म्हटलं, ज्या माणसाने आयुष्यभर समुद्रावर एक इंजिन बंद पडू दिलं नाही त्याच्यावर हसायला तुमची काय लायकी? तो बिचारा सॉरी काकी, सॉरी काकी करत गेला. मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. खरं सांगायची ती वेळ होती. मी भाजी घ्यायला पुढे गेले.

म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमचं ते तुमचं. त्यात आईचा हात गेला. माझ्या ह्यात फक्त हेदवी राहिली. तेव्हा दोन्ही एका मापाने मोजू नका. आणि हे पत्र मी पाठवणार नाही. पत्र आलं की तुम्ही आधी खालच्या चार ओळी वाचायचात, कुणी गेलं-बिलं आहे का बघायला, आणि मग वरचं वाचायचा तुम्हाला कंटाळा यायचा. वरचं वाचायला हवं. तिथे अडीच लिहिलेलं आहे.

खालच्या चार ओळी एवढ्याच आहेत. पाना मऊ फिरला तेव्हा मी बोल्टाकडे बघितलंच नाही. आधी मान वळवून दाराकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. दारात कुणी नव्हतं. असतं तर मेकॅनिककडे मी त्याचंच नाव सांगितलं असतं.