डोंगरावरून आलेली फांदी

प्रिय चिझुरु,

कागोशिमाच्या इस्पितळातून तुझ्या लंगड्याचे आशीर्वाद. पायाचं हाड जुळतंय, काळजी करू नकोस. जेवण ठीक आहे, मासे मात्र आपल्या बेटासारखे ताजे नाहीत.

माकडांनी रताळी उकरली का? हरणं आत येऊ नयेत म्हणून बांधलेली जाळी टिकली ना? आईचा खोकला कसा आहे?

यंदा डोंगरदेवाला समुद्राची वाळू वाहायला माझ्याऐवजी शेजारचा गेंझो गेला, हे बरंच झालं. आपल्या घराचा मान चुकला नाही. देवदारांच्या रानात, त्या पावसात, तो कुठे घसरला नाही, याचाही आनंदच आहे.

पण उतरताना वरच्या रानातल्या गुलाबी फुलांची फांदी त्याने घरोघर एकेक दिली आणि आपल्याला दोन, हे तू पत्रात दोनदा लिहिलंस. वर, “भावजी म्हणाले, वहिनी, तुमच्यासाठी कळ्या बघून निवडल्या.” कळ्या बघून! मी इतकी वर्षं आणायचो, तेव्हा म्हणायचीस, “आधी ती कोळिष्टकं बाहेर झटकून या.”

शरदात पुन्हा वाळू वाहायची, तेव्हा मीच चढणार, कुबडी घेऊन का होईना.

दरवर्षी पहाटे समुद्रावर मी वाळू भरतो आणि पिशवी तू धरतेस. यंदा गेंझोची पिशवी कुणी धरली, तेवढं कळव.

इथे पडल्या पडल्या धुमसणारा,
तुझा इवाओ