पाच शतांशांचा दगा

सफाक्स, ९ ऑक्टोबर २०१६

प्रिय हमादी यास,
सप्रेम सलाम वि. वि.

इंजिन सुखरूप पोहोचलं. लुआज टॅक्सीवाल्यानं पेटी बिझर्तेपासून मांडीजवळ ठेवून आणली आणि उतरताना मला म्हणाला की यात बॉम्ब असेल तर माझ्या बायकोला कळवायला हवं होतं. मी स्टँडवरच पेटी उघडली, स्पिरिटचा दिवा लावला, गरम हवेनं चाक फिरायला लागलं. पलीकडच्या गाडीत ट्यूनिसला निघालेले प्रवासी खाली उतरून बघत उभे राहिले. वीज नाही, पेट्रोल नाही, काड्यापेटीएवढी ज्योत. एक म्हातारा म्हणाला की सरकार बहुधा असंच चालत असावं.

नेहमीसारखं पिस्टन आणि सिलिंडर माझं, चाक, सांगाडा आणि जुळणी तुझी. आणि माझ्या वाटणीचं सगळं त्याच पस्तीस दिनारांच्या डिजिटल कॅलिपरनं मोजलेलं. म्हणून हे इंजिन आता साक्षीदार म्हणून उभं राहणार आहे. सांस्कृतिक भवनाच्या समितीला मुलांच्या कार्यशाळेसाठी एकच महागडं स्विस मापयंत्र घ्यायचं आहे. ते काचेच्या कपाटात राहणार, मुलं काचेतून बघणार. मी म्हणतो, त्याच पैशात प्रत्येक पोराच्या हातात स्वस्त कॅलिपर द्या. मोजणं ही कुणाच्या बापाची जहागीर नाही! ज्याला मोजता येत नाही, त्याला दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर जगावं लागतं. चाळीस वर्षं शाळेत आणि संघटनेच्या सभांतून मी हेच सांगत आलो. बैठक २५ नोव्हेंबरला आहे. निर्णायक मत अध्यक्ष मुफिदाबाईंचं, तुझ्याबरोबर कॉलेजात होत्या त्याच. मी बोलेन आणि इंजिन टेबलावर फिरत राहील.

दुजाला सांग, ऑलिव्ह उतरायला लागले की भाऊ तिच्या डब्यात पहिल्या घाण्याचं तेल धाडतो.

आहे ते प्रेम असंच राहू दे.
तुझा मेहुणा आणि त्याआधीपासूनचा मित्र,
तिजानी

---

बिझर्ते, १७ ऑक्टोबर

प्रिय तिजानी यास,
सलाम वि. वि.

पत्र वाचून दुजा म्हणाली की दादाला एक टेबल आणि ऐकणारी चार माणसं मिळाली की तो तरुण होतो. मी म्हटलं, सफाक्सचा माणूस आहे, हातून पैसा सुटत नाही, भाषण फुकट असतं ना.

आता जरा कामाचं. तुझा कॅलिपर वाईट नाही, हे मीही मान्य करतो. बंद असतानाही बॅटरी खातो आणि अंगठा जास्त दाबला की आकडा हलतो, एवढंच. सांगाडा, खिळे, लाकूड, पोरांच्या खेळण्यातल्या गाड्या, यांना उत्तम. तेवढंच बोल आणि थांब. इंजिन मात्र टेबलावर ठेवू नकोस. गरम हवेच्या इंजिनाचं काही सांगता येत नाही. ऐनवेळी बंद पडलं तर तुझ्या चांगल्या मुद्द्याचं हसं होईल. शिवाय ते प्रवासात हललंही असेल. मला परत पाठव, बघून देतो.

दुकानात सध्या खोकल्याच्या औषधाला गर्दी. दुजाचा गुडघा बरा आहे, पण ते तुला सांगू नकोस म्हणते, नाहीतर तू तिला जिना चढायला लावशील.

तुझ्या रागालोभासकट तुझा,
हमादी

---

सफाक्स, ३० ऑक्टोबर

हमादी यास,
सलाम.

इंजिन परत पाठवणार नाही. गेल्या आठवड्यात दक्षिणेकडचा शहिली वारा सुटला आणि घरभर वाळू झाली. सिलिंडरमध्ये गेली असेल म्हणून मी इंजिन उघडलं. पिस्टन पुसला आणि सवयीनं कॅलिपर लावला.

मी पिस्टन नेहमी १९.९८ मिलिमीटरला सोडतो, हे तुला ठाऊक आहे. आकडा आला १९.९३. मला वाटलं बॅटरी गेली. नवी घातली, जबडे पुसले, शून्य केलं. मग बेअरिंगची बाहेरची कडी मोजली. त्या नंबरची कडी जगात कुठेही बावीसच असते. कॅलिपर म्हणाला बावीस. पुन्हा पिस्टन मोजला. १९.९३. उन्हात धरला तर त्याची बाजू आरशासारखी घोटलेली. माझ्या लेथवर असली चकाकी येत नाही. मग मी फळीवरची जुनी इंजिनं एकेक करून उघडली. एकाचाही पिस्टन तू घोटल्याशिवाय सोडलेला नाहीस.

तू मला तुझ्या अंगणात त्या दगडी बाकावर बसवायचास. मी पिस्टन हातात द्यायचो, तू तो बोटांत फिरवायचास आणि म्हणायचास, यझ्झी. पुरे. मी ऐकायचो की पुरेसं आहे, जमलं. आज कळतंय तू म्हणत होतास की आता पुरे कर, उरलेलं माझ्यावर सोड. एकाच शब्दात तू मला शाबासकीही देत होतास आणि बाजूलाही सारत होतास. आपल्या भाषेत हा शब्द इतका सोयीचा आहे, म्हणूनच आपल्यावर राज्य करणाऱ्यांचं फावलं.

मी वर्षानुवर्षं सभांतून सांगत आलो की पस्तीस दिनारांत काम होतं, पुरावा माझ्या घरी फिरतोय. तो पुरावा तू घोटून ठेवला होतास. माझी इंजिनं तुझ्या हाताशिवाय चालली असती की नाही, ते आता कधीच कळणार नाही. ते कळण्याचा माझा हक्क तू खाल्लास. शत्रू निदान समोरून येतो.

एक मात्र लिहून ठेव. ज्या स्वस्त कॅलिपरला तू खेळण्याच्या लायकीचा म्हणतोस, त्यानंच तुझी चोरी पकडली.

दुजाला हे माहीत होतं का? तिच्याच हातानं उत्तर येऊ दे.

तिजानी

---

बिझर्ते, ५ नोव्हेंबर

तिजानीदादास,
दुजाचा सलाम.

मला माहीत होतं. पहिल्यापासून. तू विचारलंस म्हणून मी लिहिलं. पुढचं हे लिहितील. तेल नाही पाठवलंस तरी चालेल.

दुजा

खाली माझं. तुझी जोहरा, दुजाची वहिनी, गेली त्या हिवाळ्यात तू कुणाशी बोलत नव्हतास. भावाबहिणींत कुणी विचारलं तर भिंतीकडे बघायचास. दुजा म्हणाली, त्याच्या हाताला काहीतरी दे. म्हणून मी इंजिनाचा आराखडा पाठवला. तू सिलिंडर आणि पिस्टन केलास, पहिल्यांदाच. ते माझ्याकडे आलं आणि पिस्टन आत जाऊन अडकला. तसाच परत पाठवायला माझा हात धजला नाही. पॉलिशची पेस्ट लावली, घोटला, सरकला, थांबलो. इंजिन फिरलं आणि तू फोनवर तासभर बोललास. मग दुसऱ्या इंजिनाच्या वेळी काय सांगणार होतो? की पहिलं तुझं नव्हतं?

मी औषधवाला आहे, कडू गोळीवर साखर असते हे रोग्याला सांगत बसत नाही. पण एक सांगतो. माझा स्विस मायक्रोमीटर, तुमच्या समितीला हवा तसलाच, मी त्यासाठी कधी पेटीतून काढलाच नाही. अडकला की घोटायचा, सरकला की थांबायचं. एवढंच केलं.

माफी मागितली तर ती खोटी होईल. ती वेळ परत आली तर पुन्हा तसंच करीन.

हमादी

---

सफाक्स, २७ नोव्हेंबर

हमादी यास,
सलाम.

तू मायक्रोमीटर काढलाच नाहीस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. म्हणजे तू जे केलंस त्याला ना मोठं यंत्र लागलं ना मोठी विद्या. ते मला सांगितलं असतंस तर मीच केलं असतं. जोहराच्या दुःखात तू माझ्यावर दया केलीस, ती मी एका इंजिनापुरती मान्य करतो. पुढच्या सगळ्या इंजिनांचा शेवटचा हात तू माझ्याकडून काढून घेतलास. मी त्यालाच दगा म्हणतो. आणि माझी सख्खी बहीण चहा ओतत ते बघत होती.

मी नवा पिस्टन केला. १९.९८. अडकला. मी पेस्ट लावली आणि घोटला. दोन वेळा जास्त घोटला गेला आणि पिस्टन फेकून द्यावा लागला. तिसरा सरकला. इंजिन फिरलं, तुझ्यापेक्षा हळू, आणि फुसफुसतं, मधेच दम घेतं. पण फिरलं.

परवा दोन्ही इंजिनं टेबलावर मांडली. समितीला सगळं सांगितलं. हे गुळगुळीत चालणारं माझं म्हणून मिरवलं, ते माझं नाही. हे दमेकरी माझं आहे. कॅलिपर मापाच्या जवळ नेऊन सोडतो, शेवटचं अंतर हातानं तोडायचं असतं. पोरांना कॅलिपर द्या आणि पिस्टन अडकू द्या. त्यांच्या वतीनं कुणी गुपचूप घोटून देऊ नका, कारण मग त्यांना आयुष्यभर वाटत राहील की त्यांना जमतं, आणि एक दिवस वाळूचा वारा सुटेल. खजिनदार म्हणाले की हे भाषण कॅलिपरवर आहे की मेहुण्यावर. लोक हसले. मी नाही हसलो.

चार विरुद्ध तीन. कॅलिपर येणार. मुफिदाबाईंनी सगळ्यांत शेवटी हात वर केला.

आणि आता हे लिहितो ते ज्यासाठी लिहायला बसलो ते आहे. लोक हात मिळवत होते, पाठ थोपटत होते, आणि मी मुफिदाबाईंकडे बघत होतो. मला आनंद होईना. माझं भाषण चाललं की पाठीमागून कुणी घोटून ठेवलं होतं? या शंकेला तूच जागा करून ठेवलीस माझ्या आत. म्हणून सरळ विचारतो. तू त्यांना फोन केला होतास का?

लोभ असावा असं लिहायला अजून हात वळत नाही. उत्तर मात्र असावं.

तिजानी

---

बिझर्ते, ३ डिसेंबर

तिजानी यास,
सलाम वि. वि.

नाही केला.

करणार होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी दुकानात मुफिदाचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली. दुजा गोळ्या घ्यायला आली होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाली की माझ्या भावाला एकदा तरी स्वतःच्या बळावर हरू दे.

आम्ही दोघांनीही धरलं होतं की तू हरशील.

तुझ्या रागाला आमची ना नाही. त्यातून उरेल तेवढ्या मायेची वाट बघणारा,
हमादी