फॉर्मवर नसलेला रकाना

चारकोप, मंगळवार, दिवेलागण

आज नातीशी खोटं बोललो. श्रुतीने विचारलं, "आजोबा, माझा कॉलेजचा फॉर्म बघितलास?" मी नाही म्हटलं. फॉर्म मीच गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलाय.

मरोळला नोकरी मिळतेय म्हणून पहिल्या वर्षानंतर ती कॉलेज सोडतेय. नव्या धोरणात तशी सोय आहे म्हणे. वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं, क्रेडिट जमा राहतात, पुढे परत जाता येतं. तिचा बाप जहाजावर, म्हणून पालकाची सही माझी.

"टेन्शन कशाला घेतोस? सोडत नाहीये रे, ब्रेक घेतेय!"

मीही ब्रेकच घेतला होता ना? सातवी अर्धी टाकून गिरणीत लागायला निघालो, तेव्हा गुरुजी म्हणाले, "वर्षभर तुझं नाव पटावर ठेवतो." त्यांनी ठेवलंही. मीच गेलो नाही. कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ...

"नाही सापडला तर दुसरा प्रिंट काढीन," ती म्हणाली. "सही तुलाच करायचीय हं." म्हणजे लपवून काय मिळवलं मी?

तसबिरीमागून काढून फॉर्म पुन्हा वाचला. सोडण्याची तारीख आहे, कारण आहे. परत कधी येणार, त्याला रकानाच नाही.

उद्या सही करीन. पण आधी परत यायची तारीख तिच्या हाताने इथे, या डायरीत लिहून घेईन. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्यात. वरचं माझं खोटंही ती वाचेल. वाचू दे.