ओला गठ्ठा आणि चार पानी तक्रार

ती. मामांना भाचीचा, हातमोजे काढून, साष्टांग नमस्कार.

परवापासून पोटभर जेवताय ना? मामींचे गुडघे काय म्हणतात? मी इतकी खुशीत आहे की पेन हातात ठरत नाही! इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण खोलीत चिकटले त्याला शनिवारी सहा महिने होतील. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते मोठ्या सिस्टर त्याच दिवशी ठरवणार.

आमचं काम म्हणजे औजारं धुवायची, कापडात बांधायची, वर पट्टी चिकटवायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर ठेवायची (आपला कुकरच, पण शिट्टी न वाजवणारा). वाफ लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. मामा, त्या पाहिल्या की मला अजून टाळ्या पिटाव्याशा वाटतात! पण रेघा उमटल्या म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नव्हे. गठ्ठा कोरडाही हवा. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात.

सोमवारी सकाळी पहिल्या ऑपरेशनचा गठ्ठा उचलला, तर ओलसर! पेशंट बाहेर स्ट्रेचरवर. शिपाई म्हणाला, "एवढंसं तर ओलं आहे ताई, द्या की." मी गठ्ठा पोटाशी धरून बसले. मग खुद्द सर्जन हात धुऊन माझ्या मागे लागले (हात धुतलेलेच होते म्हणा). मी गठ्ठा आणखी आवळून म्हणाले, "तुमच्या पोटात जाणार असतं, तर चाललं असतं का?" दुसरा गठ्ठा तयार नव्हता, ऑपरेशन रद्द झालं. सिस्टरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. फक्त त्या पेशंटने जाताना चार पानी तक्रार खरडली, की रात्रीपासून उपाशी ठेवणाऱ्या 'त्या मूर्ख व्यक्तीला' काढून टाका. शनिवारी तीही वाचली जाणार आहे.

तुमची लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. : अक्षर ओळखलं, मामा. 'मूर्ख'खाली दोन रेघा तुम्ही माझ्या शाळेच्या वहीतही ओढायचात. शुक्रवारी ऑपरेशनला याल तेव्हा तेवढी तक्रार मागे घ्या. स्ट्रेचरवर तुम्ही आहात हे मला ठाऊक होतं. दुसरं कुणी असतं तरी गठ्ठा धरला असता, पण इतका घट्ट नाही.

ता. क. २ : गठ्ठा ओला कसा राहिला, ते तुम्ही विचारणारच. रेघा उमटल्या का बघायला मी मशीनचं दार गठ्ठा आत वाळायच्या आधीच उघडलं होतं. सिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही तक्रार मागे घेतलीत की लगेच सांगते. शुक्रवारचा गठ्ठाही मीच लावणार आहे. दाराला हात लावणार नाही, तुमच्या पोटाची शपथ.