हिरव्या साडीचे चार तुकडे

६ ऑक्टोबर १९७४, रविवार
शेजारच्या हरबन्स कौरच्या मुलाचं दुपटं पुरं झालं. मधे सुमनच्या हिरव्या इरकली साडीचे आठ तुकडे, कडेने माझे जुने सदरे. माझ्या ऑफिसात, लॅबमध्ये, कोणाकडेही मूल झालं की सुमन दुपटं शिवून द्यायची. बायको गेल्यापासून, दोन वर्षं, मी शिवतो. धावदोरा लहानपणी आईचं बघून आलेला.
हरबन्स म्हणाली, "भाईसाब, आप तो दर्जी से भी अच्छे निकले."
घरी येऊन दिवा लावला. दिवसभराचं बोलायचं राहिलेलं देवाशीच बोललो.
हिरवी साडी संपली. गाठोड्यात आता माझेच कपडे.

१९ ऑक्टो.
लेकीचं, कुसुमचं पत्र, सोलापूरहून. तिला सातवा लागला. डोहाळजेवण झालंसुद्धा. या बातम्या बायका बायकांना कळवतात. आपल्या घरात कळवायला बाई नाही, म्हणून मला आज कळलं.
पहिलं बाळंतपण तिकडेच, सासरी. "माहेरी करणार कोण, अण्णा?" खरं आहे.
शेवटी एकच मागणं. बाळाला आईच्या हिरव्या साडीचं दुपटं पाठवा, दुसरं काही नको.

२० ऑक्टो.
गाठोडं तीनदा उलटं केलं. हिरवी चिंधीसुद्धा नाही. लोकांच्या पोरांना वाटताना हात आखडला नाही, आणि आता.
दिलेलं परत मागायचं, तेही तान्ह्याच्या अंगावरचं. नाही होणार.
तरी कुसुमला पाठवतो म्हणून कळवलं. का कळवलं?

३ नोव्हें.
हरबन्सकडे चहा. मुन्ना दुपट्यात निजलेला, हिरव्यावर मूठ. तिचा सरदार म्हणाला, "मराठा साब, आज बड़े चुप हो."
थंडी आहे, म्हटलं.

१० नोव्हें.
माझ्या धोतराचं मऊ अस्तर झालं. सदऱ्यांचे तुकडे जोडले. मधली जागा रिकामी. सेक्टर २२ च्या बाजारातून तसल्याच रंगाचं कापड आणलं, चार तुकडे बसवलेही. बाळाला पहिलं जुनेर लागतं, हे करकरीत. आणि आईची साडी कुसुमला डोळे मिटूनही कळेल.
लेकीला फसवायला निघालो होतो. उसवले.

१७ नोव्हें.
हरबन्स भाजी द्यायला आली. मधे भोक असलेलं दुपटं बघून विचारलं. सगळं सांगितलं. सुमनबद्दल बाहेरच्या कोणाशी एवढं प्रथमच बोललो. ती उठून गेली. वाटलं, दुखावली. तर मुन्नाचं दुपटं घेऊन परत.
"ले जाओ. बेटी का हक पहले."
मी हात लावेना. मुन्ना काय पांघरेल?
"उसे तो बस दूध चाहिए, रज़ाई किसी की भी हो."
हसलो. शेवटी ठरलं, आठातले चार काढायचे. मी अट घातली, लेकराच्या पांघरुणाला कात्री लावायची नाही, टाका टाका उसवायचा. मोकळ्या जागी तिच्या जुन्या कमीजचे तुकडे.

२४ नोव्हें.
तीन संध्याकाळी गेल्या. माझे टाके इतके बारीक असतील असं वाटलं नव्हतं. चार तुकडे निघाले. दुधाचा वास येतो. सुमनचा केव्हाच गेला होता.
मुन्नाचं आधी पुरं केलं. मग आपलं.

२ डिसें.
पार्सल पोस्टात टाकलं. साडी कुठे कुठे गेली ते कुसुमला लिहायला बसलो. दोन कागद फाडले. शेवटी नुसते आशीर्वाद.

११ जानेवारी १९७५
जावईबापूंचं कार्ड. मुलगी. दोघी सुखरूप. पांडुरंगा.
खाली आणखी दोन ओळी: "कुसुम विचारते, आईचे चारच तुकडे का? बाकीची साडी कुठे गेली ते येऊन सांगा."
येऊन. कार्ड सगळं जावयांच्या अक्षरात. हा शब्द कुसुमचा, खरंच बोलावते ती, की लिहिण्याच्या ओघात त्यांचा? बारशाचा दिवस लिहिलेला नाही.
ऑफिसात रजेचा अर्ज लिहून ठेवला. साहेबांकडे द्यायचा तर तारीख घालावी लागेल, ती जागा कोरी.