वरच्या दोन ओळी

८ सप्टेंबर

कुठून बुद्धी झाली आणि शोधलं! गुंजनच्या फिटच्या गोळीचं नाव फोनवर टाकलं, तर सगळ्यात वर एका कन्नड पेपरची बातमी. फोननेच मराठी करून दिली — 'फिटच्या गोळीने मुलांच्या लिव्हरला धोका?' खाली दोन ओळी, दोन मुलं आजारी पडल्याच्या. पुढचं पान धूसर. वर्गणी भरा म्हणे! भरायला गेले, तर पैसे भरायचं पानच चालेना. गुंजन शेजारी बसून चुरमुरी, इथली भेळ, खात होती.

९ सप्टेंबर

सकाळची गोळी दिली नाही. रात्रीची अरुण देतोच, ती बाबाच्याच हातून घेते — निम्मं औषध तरी पोटात जाईल.

११ सप्टेंबर

पोरगी उड्या मारतेय. तरी माझी नजर तिच्यावरून हटत नाही. डॉक्टरांना फोन लावला नि कापला. मागे केवढे ओरडले होते — 'इंटरनेटवर वाचून येणार असाल तर मी कशाला?'

अरुणला आडूनच विचारलं. तो कंप्युटरवाला. म्हटलं, वाचूच देणार नसतील तर अशा बातम्या शोधात वर दाखवतातच कशाला? म्हणाला, "पेपरवाल्यांनाही पोट आहे. सर्चवाल्यांना ते अख्खा लेख वाचू देतात, आपल्याला दोन ओळी."

म्हणजे त्या यंत्राला पुढचं सगळं ठाऊक! मग आधीच सांगा ना, कुलूप आहे म्हणून. नाहीतर औषधाची बातमी तरी पूर्ण उघडा. घाबरवायचं फुकट आणि धीर द्यायचा विकत? अरुण धड जेवलाही नाही.

१२ सप्टेंबर

हे आधी का सुचलं नाही? बातमी छापील पेपरातही असणारच! मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून ऑटो करून अग्रहारात, जुन्या वस्तीत, अंबूताईंकडे गेले. गुंजनचा दसऱ्याचा फ्रॉक त्याच शिवतायत, आणि तो पेपर त्यांच्याकडे येतो.

"अय्यो रजनी, त्याच पेपरावर फ्रॉकचं माप कापलं की गं!"

कागदी फ्रॉक टेबलावर पसरला. बातमी गळ्याच्या गोलाखाली, अर्धी बाहीवर. तुकडे जुळवून त्या सावकाश वाचत गेल्या, मराठीत सांगत गेल्या — असा त्रास फार थोड्यांना होतो. रक्त तपासत राहा. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फिट जोरात परत येते...

"काय झालं गं? अशी पांढरी का पडलीस?"

पळत घरी आले. गोळी दिली. घाईत पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. देवा, उशीर झालेला नसू दे!

१३ सप्टेंबर

सकाळी फिट आली. हॉस्पिटलमध्ये आहोत. थांबलीय आता, झोपलीय.

डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चुकल्या? रडत रडत सांगितलं — सकाळच्या. मीच दिल्या नाहीत. रात्रीच्या चालू होत्या.

अरुण खाली बघत होता.

"रात्रीच्याही नाही," म्हणाला. "मीपण तीच बातमी पाहिली, रजनी. वाटलं, सकाळची तू देतेसच."